रक्त गोठण्यावर परिणाम करणारी औषधे : अपाय कसे ओळखावेत, कसे टाळावेत

रक्त गोठणे ही शरीराने स्वतःच्या बचावासाठी केलेली सोय आहे. जखम झाली की आधी रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, त्या जागी चिकटतात. मग यकृतात तयार होणारे गोठणघटक एकामागून एक कामाला लागतात, फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे तयार होते आणि रक्त थांबते. हीच क्रिया नको त्या जागी घडली तर हृदयाच्या रोहिणीत झटका येतो, मेंदूत पक्षाघात होतो, पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ती गुठळी रोखण्यासाठी दिलेली औषधे घरोघर ‘रक्त पातळ करणारी गोळी’ या नावाने ओळखली जातात.

या औषधांचा मुख्य अपाय त्यांच्या गुणातूनच निघतो. परिणाम जास्त झाला की रक्तस्राव होतो. कमी पडला की ज्या गुठळीच्या भीतीने औषध सुरू केले, तीच होते. मधली सुरक्षित पट्टी अरुंद असते. व्यवहारात पुष्कळसे अपाय एकट्या गोळीने होत नाहीत. जोडीला घेतलेले दुसरे औषध, राहून गेलेली तपासणी, बदललेला आहार किंवा परस्पर बंद केलेली गोळी यांतून ते घडतात. नवीन पनवेलसारख्या वसाहतीत ही शक्यता वाढते, कारण एकाच रुग्णाचे उपचार अनेक ठिकाणी विभागलेले असू शकतात. शस्त्रक्रिया परळच्या मोठ्या रुग्णालयात, रक्ततपासणी सेक्टरमधल्या लॅबमध्ये, तापाची गोळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आणि गुडघेदुखीचा इलाज जुन्या पनवेलात. एकाने दिलेले औषध दुसऱ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक करून देणे हा या औषधांचा अपाय टाळण्याचा पहिला उपाय होय.

औषधांचे गट

पहिला गट बिंबिकांना एकमेकींना चिकटू न देणाऱ्या औषधांचा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर ही त्यातली प्रमुख नावे. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि या गटातले दुसरे एक औषध अशी जोडी साधारण सहा महिने ते वर्षभर दिली जाते, पुढे बहुधा एकच चालू राहते. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी ज्या बिंबिकेवर परिणाम करते, ती बिंबिका तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामी राहते. गोळी आज बंद केली तरी रक्तस्रावाचा कल आठवडाभर टिकतो, तो यामुळेच.

दुसरा गट जीवनसत्त्व ‘के’चे काम अडवणाऱ्या वॉरफेरिन आणि असेनोकौमेरॉल या औषधांचा. गोठणघटकांपैकी चार घटक यकृतात पूर्ण होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. उत्तर अमेरिकेत १९२०च्या दशकात कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या गवतातले कारणीभूत द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. त्यातून पुढे घडवलेले वॉरफेरिन १९४८मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४पासून माणसांच्या उपचारासाठी वापरात आले. भारतात वॉरफेरिनबरोबरच असेनोकौमेरॉल फार वापरले जाते. असिट्रोम हे त्याचे परिचित व्यापारी नाव.

तिसरा गट नव्या थेट गोठणरोधकांचा : डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबान. चौथा हेपॅरिन आणि इनॉक्सापॅरिन या इंजेक्शनांचा. पाचव्या गटातली स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज यांसारखी औषधे झालेली गुठळी विरघळवतात आणि फक्त रुग्णालयात देतात. याउलट दिशेने काम करणारी, म्हणजे रक्त थांबवणारी किंवा गुठळीचा धोका वाढवणारी काही औषधेही घरात येतात. त्यांचा विचार पुढे केला आहे.

रक्तस्राव कसा ओळखावा

किरकोळ रक्तस्राव या रुग्णांत नेहमी दिसतो. दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे, दाढी करताना कापल्यावर ते लवकर न थांबणे, कुठे आपटल्याचे आठवत नसताना हातापायांवर काळेनिळे डाग पडणे, पाळीत जास्त जाणे ही त्याची रूपे. यासाठी गोळी बंद करू नये. पण पुढच्या भेटीपर्यंत न थांबता डॉक्टरांना कळवावे. डाग वाढत असतील किंवा त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले असतील, तर त्याच दिवशी रक्त तपासावे.

मोठा रक्तस्राव बऱ्याचदा आत होतो आणि उशिरा लक्षात येतो. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौचास होणे म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्त जात असल्याची खूण. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण ती चिकट नसते. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लालसर लघवी, खोकल्यातून रक्त, अचानक आलेला थकवा, चक्कर, फिकटपणा, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, यांतील कोणतेही लक्षण तातडीचे मानावे. मेंदूतला रक्तस्राव सर्वांत घातक. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, बोबडे बोलणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, गुंगी ही त्याची चिन्हे.

धोका सर्वांना सारखा नसतो. पंचाहत्तरी ओलांडलेले, वजनाने अगदी कमी, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झालेले आणि रोज मद्य घेणारे रुग्ण अधिक जोखमीचे. रक्तदाब, मद्य आणि न लागणाऱ्या वेदनाशामक गोळ्या या तीन गोष्टी बदलता येतात, म्हणून तिथे आधी लक्ष घालावे.

प्रत्येक औषधाचे स्वतःचे अपाय

अ‍ॅस्पिरिन जठराचे आतले संरक्षक आवरण दुबळे करते. त्यामुळे जळजळ, अल्सर आणि पोटातला रक्तस्राव संभवतो. गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असले तरी हा धोका जात नाही, कारण तो औषध रक्तात गेल्यावरही राहतो. जोखमीच्या रुग्णाला डॉक्टर सोबत पँटोप्राझोलसारखी गोळी देतात. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिनने दम्याचा तीव्र झटका येतो. लहान मुलांना विषाणूजन्य तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. यकृत आणि मेंदूवर आघात करणारा राय संलक्षण हा दुर्मीळ आजार त्यातून उद्भवू शकतो.

हृदयविकार झालेला नसताना केवळ खबरदारी म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट जाणावी. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्री या मोठ्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील निरोगी वृद्धांना अ‍ॅस्पिरिन दिले गेले. हृदयविकार आणि पक्षाघात लक्षणीय घटले नाहीत. मोठे रक्तस्राव मात्र दर हजार माणसांमागे वर्षाला ६.२ वरून ८.६ वर गेले. शेजाऱ्याला चालते म्हणून आपणही सुरू करावी, अशी ही गोळी नव्हे.

क्लोपिडोग्रेलने पुरळ किंवा जुलाब होतात. फार क्वचित बिंबिका झपाट्याने घटून ताप, कावीळ आणि भ्रम असे गंभीर चित्र उभे राहते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटू शकतो, म्हणून पित्ताची गोळी कोणती घ्यावी हे डॉक्टरांनाच विचारावे. टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांपैकी अनेकांना दम लागल्यासारखे वाटते. हा बहुधा औषधाचा निरुपद्रवी परिणाम असतो, पण तो हृदयामुळे नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. ही गोळी दिवसातून दोनदा असल्याने संध्याकाळची विसरली जाते. स्टेंट नवा असताना ते धोक्याचे असते.

वॉरफेरिनमुळे उपचाराच्या पहिल्या आठवड्यात क्वचित स्तन, मांडी किंवा नितंबावरची त्वचा दुखून काळी पडते. असे झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. केस विरळ होणे हा त्रासदायक पण घातक नसलेला परिणाम. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफेरिन आणि असेनोकौमेरॉल गर्भाच्या नाक आणि हाडांच्या वाढीत दोष आणू शकतात. हृदयाची झडप बदललेल्या तरुण स्त्रीने गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलावे, आणि पाळी चुकल्यास गोळी स्वतः न थांबवता लगेच कळवावे.

डॅबिगॅट्रानने अपचन आणि जळजळ होते. त्याची कॅप्सूल उघडून किंवा चावून घेतल्यास औषध एकदम जास्त शोषले जाते, म्हणून ती अख्खी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. तिला दमट हवा सोसत नाही. कोकणच्या पावसाळ्यात ती मूळ वेष्टनातच ठेवावी, आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नये. नव्या थेट गोठणरोधकांच्या गटातली औषधे कमीअधिक प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, त्यामुळे निदान वर्षातून एकदा, आणि वृद्धांत त्याहून वारंवार, क्रिएटिनिन तपासावे.

हेपॅरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान काही रुग्णांत बिंबिका निम्म्याहून खाली येतात आणि नवलाची गोष्ट अशी की रक्तस्रावाऐवजी गुठळ्या होतात. रुग्णालयात म्हणूनच ठरावीक दिवसांनी बिंबिका मोजतात. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या संस्थांत कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या ज्या रुग्णांना गुठळी होते, त्यांना इनॉक्सापॅरिनची इंजेक्शने घरी घ्यावी लागू शकतात. ती पोटाच्या कातडीखाली, रोज जागा बदलून घ्यावीत आणि नंतर ती जागा चोळू नये. चोळल्याने रक्त साकळते.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा अपाय म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. तो थोड्याच रुग्णांत होतो, पण होतो तेव्हा भीषण असतो. अलीकडचा पक्षाघात, डोक्याची शस्त्रक्रिया किंवा चालू असलेले गोठणरोधक यांची माहिती नातेवाइकांनी त्या घाईतही आधी सांगावी. स्ट्रेप्टोकायनेज एकदा दिले असल्यास शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवण्याचे हेही एक कारण.

आयएनआरची तपासणी

वॉरफेरिन किंवा असेनोकौमेरॉलचा परिणाम पीटी-आयएनआर या रक्ततपासणीने मोजतात. ही औषधे न घेणाऱ्याचा आकडा १ च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ दरम्यान, तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेजागी धातूची झडप असल्यास साधारण २.५ ते ३.५ दरम्यान ठेवतात. आकडा ४.५ च्या वर गेला की रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढतो. दोनच्या खाली झडपेवर गुठळी धरू शकते.

सांधेतापाने झडपा खराब झालेले रुग्ण महाराष्ट्रात आजही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे झडप बदलण्याची शस्त्रक्रिया पुष्कळांच्या आवाक्यात आली. त्यापुढची आयएनआर तपासणी मात्र आयुष्यभर रुग्णाने स्वतः सांभाळायची असते. तपासणीचा हा त्रास टाळण्यासाठी नव्या गोळ्यांकडे वळावे असे वाटणे साहजिक आहे, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान अशा रुग्णांत वापरून पाहणारा अभ्यास २०१३मध्ये अपाय दिसल्यामुळे थांबवावा लागला. सांधेतापाने मिट्रल झडप आकुंचित होऊन ठोके अनियमित झालेल्यांतही, २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या भारतासह २४ देशांतल्या अभ्यासात, रिव्हारोक्सॅबानपेक्षा जुन्या गटाची औषधेच सरस ठरली.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. सुरुवातीला काही दिवसांनी, मग आठवड्याने, आकडा स्थिरावल्यावर साधारण महिन्याने ती करतात. कोणतेही नवे औषध सुरू किंवा बंद झाले, जुलाब किंवा ताप झाला, आहार बराच बदलला, तर तीन ते सात दिवसांत जादा तपासणी करावी. तारीख, आकडा आणि घेतलेला डोस असे तीन रकाने आखलेली वही ठेवावी. असेनोकौमेरॉलच्या गोळ्या १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. मेडिकलमधून पाकीट घेताना नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचून घ्यावे. ‘त्याच रंगाची गोळी’ हा पुरावा पुरेसा नाही.

बाकीच्या औषधांशी पडणारी गाठ

सर्वाधिक अपाय वेदनाशामकांनी होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधे जठराला इजा करतात आणि बिंबिकांनाही रोखतात. गोठणरोधकाबरोबर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. कंबरदुखी, दातदुखी, सर्दी यांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत ती असतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास ते सलग काही दिवस घेतल्यास तेही आयएनआर चढवते.

जंतुनाशकांपैकी मेट्रोनिडाझोल आणि को-ट्रायमोक्साझोल, तसेच बुरशीवरचे फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर झपाट्याने वाढतो. तोंड आल्यावर लावायच्या मायकोनाझोलच्या जेलनेही तो वाढतो, हे अनेकांना ठाऊक नसते. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनचा परिणाम उलटा : ते वॉरफेरिन आणि नव्या गोळ्या दोन्हींना निष्प्रभ करते. क्षयाचा उपचार सुरू होताना वॉरफेरिनचा डोस बराच वाढवावा लागतो, आणि तो उपचार संपल्यावर डोस वेळीच उतरवला नाही तर पुढच्या काही आठवड्यांत आयएनआर धोक्याच्या पातळीवर जातो. फिट्सवरच्या फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन या गोळ्यांबाबतही अशीच सावधगिरी लागते.

आयुर्वेदिक औषधनिर्मितीची परंपरा पनवेलला १८७२पासून, म्हणजे धूतपापेश्वर कारखान्याच्या स्थापनेपासून आहे. काढे, आसवे, गुग्गुळाच्या गोळ्या इथल्या घरांत परक्या नाहीत. स्वयंपाकातली हळद, आले, लसूण यांची काळजी करण्याचे कारण नाही. कर्क्युमिन, लसणाचा अर्क, गिंको अशा घट्ट अर्कांच्या कॅप्सूलमुळे मात्र रक्तस्रावाचा कल वाढू शकतो. वैद्यांना गोठणरोधकाची आणि डॉक्टरांना काढ्याची माहिती द्यावी. यातली एकही बाजू लपवू नये.

आहार, उपास आणि सण

मेथी, पालक, माठ, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते. ते वाढले की वॉरफेरिन गटाचा परिणाम घटतो, कमी झाले की वाढतो. यावर पालेभाज्या सोडणे हा उपाय नव्हे. आठवड्याचे प्रमाण सारखे राखणे हा आहे. ऋषिपंचमीची भाजी एका दिवशी खाल्ल्याने काही बिघडत नाही. नवरात्रात नऊ दिवस पालेभाजी बंद आणि जेवण निम्मे, किंवा श्रावणात रोजच पालेभाजी, असा सलग बदल आकडा हलवतो. असा नेम असणाऱ्यांनी तो सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत आयएनआर पाहावा. मासे, सुकट, भात यांना आडकाठी नाही.

नव्या गोळ्यांना पालेभाजीचे पथ्य नाही, पण रिव्हारोक्सॅबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच नीट शोषल्या जातात. उपासाच्या दिवशी ती दिवसातल्या मुख्य खाण्याबरोबर घ्यावी. रोजा ठेवणाऱ्यांनी दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. गटारीच्या रात्रीसारखे एकदम जास्त झालेले मद्य आयएनआर चढवते, जठराला इजा करते आणि तोल घालवते. पडणे हे या रुग्णांना नुसते मद्यापेक्षाही महागात पडते.

सुई, दात, मालीश, शस्त्रक्रिया

कणकण आली की दवाखान्यात ‘एक सुई द्या’ असे सांगण्याची सवय या रुग्णांनी सोडावी. नितंबाच्या स्नायूत दिलेल्या इंजेक्शनाने आत मोठा रक्तसंचय होऊ शकतो. लसीसारखे टाळता न येणारे इंजेक्शन बारीक सुईने द्यावे आणि त्या जागी काही मिनिटे दाबून धरावे. लचक भरल्यावर हाडवैद्याकडून जोराने मालीश करून घेऊ नये.

दात काढायचा असल्यास दंतवैद्याला गोळीचे नाव आधी सांगावे. साध्या दातासाठी अ‍ॅस्पिरिन बहुधा थांबवत नाहीत, आणि आयएनआर मर्यादेत असेल तर वॉरफेरिनही चालू ठेवून टाके आणि दाब यांनी रक्त थांबवतात. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी क्लोपिडोग्रेल आणि वॉरफेरिन साधारण पाच दिवस, नव्या गोळ्या मूत्रपिंडाच्या स्थितीनुसार एक ते चार दिवस थांबवतात. हा निर्णय शस्त्रक्रिया करणारा आणि गोळी सुरू करणारा, या दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. रुग्णाने थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची अशा दोन्ही तारखा लिहून घ्याव्यात. दुसरी तारीख न लिहिल्याने गोळी बंदच राहून जाते.

पावसाळ्यातली जोखीम

पावसाळ्यात पनवेल परिसरात डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. दोन्हींत बिंबिका घटतात. ताप कोणताही असो, निदान होईपर्यंत अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. गोठणरोधक घेणाऱ्याने तापाच्या पहिल्याच भेटीत ते सांगावे आणि बिंबिका मोजून घ्याव्यात. त्या फार घटल्यास गोळी चालू ठेवायची की नाही, हे स्टेंट किती जुना, झडप कोणती, यावर ठरते. तो फेरविचार डॉक्टरांचा.

रायगड जिल्ह्यात आढळणाऱ्या घोणस आणि फुरसे या सापांचे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते. दंश झाल्यावर काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, हे पाहतात. वॉरफेरिन घेणाऱ्याच्या रक्ताबाबत ही चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून प्रतिसर्पविष देणाऱ्या डॉक्टरांना गोळीची कल्पना द्यावी.

गोळी परस्पर बंद करण्याचे परिणाम

घोळणा फुटला, डाग पडला, कुणी ‘किती दिवस खाणार’ म्हटले, की गोळी बंद केली जाते. नव्या स्टेंटमध्ये दोन्ही गोळ्या अचानक थांबल्या तर स्टेंट बंद होऊन जीवघेणा झटका येऊ शकतो. नव्या गोठणरोधकांचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो, त्यामुळे एक-दोन डोस चुकले तरी रुग्ण उघडा पडतो. चुकलेला डोस त्याच दिवशी आठवला तर किती वेळापर्यंत घ्यावा, हे औषधागणिक वेगळे असते आणि ते आधीच विचारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी दुप्पट डोस कोणत्याही औषधाचा घेऊ नये. गोळ्या संपण्याच्या निदान आठवडाभर आधी नवे पाकीट आणावे, आणि गावी किंवा वारीला जाताना चार दिवसांच्या जादा गोळ्या सोबत ठेवाव्यात.

गुठळीचा धोका वाढवणारी औषधे

गणपती, पूजा, लग्न यांच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरइथिस्टेरॉनची गोळी घेण्याची प्रथा रुळली आहे. तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून जास्त मात्रेत ती निर्धोक मानता येत नाही. माला-एन, माला-डी यांसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असतेच. या गोळ्या न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना शिरेतली गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत हा आकडा पाच ते सात होतो. धोका छोटा आहे आणि गरोदरपणातल्या धोक्यापेक्षा कमी आहे. पण पूर्वी गुठळी झालेली, घरात तरुण वयात कुणाला ती झालेली, पस्तिशीपुढची धूम्रपान करणारी, डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी उठणारी, नुकती बाळंत किंवा शस्त्रक्रिया झालेली, अशा स्त्रीने ती परस्पर आणून घेऊ नये. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे, छातीत कळ, न थांबणारी डोकेदुखी किंवा दृष्टी धूसर होणे यांतील काहीही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पाळीतील जादा रक्तस्रावासाठी दिले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड गुठळी विरघळू देत नाही. योग्य रुग्णात ते उपयुक्त आहे, पण गुठळीचा इतिहास असताना घेऊ नये. प्रत्येक रक्तस्रावावर ते चालते असेही नाही : १२,००९ रुग्णांच्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-आयटी अभ्यासात पोटातल्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरेतल्या गुठळ्या आणि फिट्स मात्र वाढल्या. गोठणरोधकामुळे रक्त जात असताना घरातली जुनी गोळी काढून देणे म्हणूनच चुकीचे.

रक्तस्राव झाल्यास

घोळणा फुटल्यास रुग्णाला आडवे करू नये, मान मागे टाकू नये. रक्त घशात उतरते. पुढे झुकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे, मध्ये सोडून न बघता, दाबून धरावा. तेवढ्याने न थांबल्यास रुग्णालयात न्यावे. जखमेवर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब द्यावा. हळद, कॉफी, तंबाखू भरू नये.

डोक्याला मार लागला असेल तर रुग्ण बोलत-चालत असला तरी थांबू नये. गोठणरोधक घेणाऱ्यात कवटीतला रक्तस्राव काही तासांनीही प्रकट होतो, म्हणून सीटी स्कॅन लागू शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय रात्रीही असलेले रुग्णालय गाठावे. नवीन पनवेलच्या रहिवाशांनी पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय आणि जवळची खासगी रुग्णालये यांपैकी कुठे काय उपलब्ध आहे, हे आधीच विचारून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

रुग्णालयात पहिले दोन प्रश्न असतात : गोळी कोणती आणि शेवटची केव्हा घेतली? उतारा त्यावर ठरतो. वॉरफेरिन गटासाठी जीवनसत्त्व ‘के’, गोठणघटकांचे संहत द्रव्य किंवा प्लाझ्मा, हेपॅरिनसाठी प्रोटामिन, डॅबिगॅट्रानसाठी इडारुसिझुमॅब, रिव्हारोक्सॅबान आणि एपिक्सॅबानसाठी बहुधा गोठणघटकांचे संहत द्रव्य. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलला असा थेट उतारा नाही. पाकीट सोबत नेल्यास मोलाचा वेळ वाचतो.

नोंद आणि तक्रार

गोळीचे नाव आणि मात्रा, ती कशासाठी व कधीपासून, झडप किंवा स्टेंट बसवल्याची तारीख, ताजा आयएनआर किंवा क्रिएटिनिन, रक्तगट आणि घरच्या व्यक्तीचा फोन एवढा मजकूर मराठीत आणि औषधांची नावे इंग्रजीत लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे. मोबाइलमध्ये त्याचा फोटो असावा. प्रत्येक डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य आणि मेडिकलवाल्याला ते दाखवावे, विचारण्याची वाट पाहू नये.

औषधाचा अपाय झाल्याचा संशय असल्यास त्याची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम २०१०मध्ये सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. मुंबईच्या केईएम रुग्णालयात या कार्यक्रमाचे नोंदणी केंद्र आहे. औषधानेच अपाय झाला हे सिद्ध करण्याची गरज नसते. संशय, औषधाचे नाव, तारीख आणि काय घडले, एवढी माहिती पुरते.